कबदेन दाजींचे हेडफोन

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कबदेन दाजी, आमच्या गोतावळ्यात कटकटीसाठी प्रसिद्ध होते. चहा समोर आला की तो फिका असायचा, नाहीतर कोमट, नाहीतर दूध जास्त झालेलं असायचं. लग्नाच्या जेवणात बाकी सगळ्यांना चांगलं मांस मिळायचं आणि यांच्याच ताटात हाडं यायची. नवे बूट आणले की आठवडाभर घरात लंगडत फिरायचे आणि दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. कामाला खाणीत, कोळसा कापायच्या यंत्रावर. गंमत म्हणजे जमिनीखालच्या त्या अंधाराबद्दल, धुळीबद्दल ते कधी चकार शब्द काढायचे नाहीत. वर आले की मग साबणापासून सरकारपर्यंत काहीच मनासारखं नसायचं.

करागांदा शहराहून बसने तासाभरावर आमचं हे खाणीचं गाव. बसथांब्याच्या मागे माझं केस कापायचं दुकान आहे. दाजी महिन्यातून एकदा यायचे, खुर्चीत बसायचे आणि सुरू व्हायचे.

“शोल्पान, ही कात्री आहे की कुऱ्हाड?”

“डोकं हलवू नका दाजी, कान जाईल.”

“जाऊ दे. तुझ्या बहिणीचं ऐकायला एक पुरतो.”

मेव्हणीची थट्टा करायचा हक्क आमच्याकडे दाजींना जन्मभराचा असतो आणि ते तो पुरेपूर वापरायचे. राइखान, म्हणजे माझी बहीण, म्हणायची, “देवा, या माणसाचं तोंड एक दिवस तरी बंद ठेव.”

मग एका मार्चमध्ये खाणीत छत कोसळलं. दाजींच्या टोळीतली दोन माणसं गेली. दाजींना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. डाव्या कानाच्या वरचं हाड फुटलं होतं, तिथे डॉक्टरांनी धातूची पट्टी बसवली. घरी सोडताना डॉक्टर राइखानला म्हणाले, “पट्टीच्या आजूबाजूची तळहाताएवढी जागा बधिर राहील. ती आता तशीच. थंडीत टोपी घालायला लावा आणि अधूनमधून बघत जा. तिथे काही लागलं, भाजलं, तर यांना कळणार नाही.”

दाजी घरी आले. चहा दिला, प्यायले. राइखानने विचारलं, “गरम आहे ना?”

“ठीक आहे.”

जेवण कसं झालंय? ठीक आहे. झोप लागली का? ठीक आहे. टोळीतल्या दोघांच्या मातीला ते इस्पितळात असल्यामुळे जाऊ शकले नव्हते. पुढे त्या दोघांची नावं कुणी काढली तर दाजी ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि खिडकीकडे बघायचे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, दुसरं काही नाही. दिवसभर ते त्या भिंतीसमोर बसायचे. रडले नाहीत, चिडले नाहीत. सुरुवातीला आम्हाला वाटलं, धक्का आहे, ओसरेल. उन्हाळा संपला तरी माणूस तिथेच.

राइखान एकदा माझ्या दुकानात येऊन बसली आणि म्हणाली, “परवा मी मुद्दाम चहात मीठ घातलं. मूठभर. प्यायला गं तो. कप खाली ठेवला आणि ठीक आहे म्हणाला.”

शरद ऋतूत वाल्देमारचा फोन आला. वाल्देमार म्हणजे दाजींचा खाणीतला जुना जोडीदार. त्याचे आजोबा जर्मन, त्यामुळे बऱ्याच वर्षांपूर्वी बायकोमुलांना घेऊन तो जर्मनीला गेला आणि तिथे एका गोदामात कामाला लागला. अपघाताची बातमी त्याला तिकडे कळली होती. तो दाजींना म्हणाला, “कबदेन, तुझ्या पोराचा कॉम्प्युटर पडून आहे ना? रणगाड्यांचा खेळ चालू कर. मी इथून येतो. आपण दोघं एकाच बाजूला.”

सांजार, माझा भाचा, शिकायला अलमातीला गेलेला. त्याच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर होता. सांजारने फोनवरून सगळं कसं सुरू करायचं ते समजावलं आणि दाजी भिंतीसमोरून उठून पडद्यासमोर बसले. पडद्यावर रणगाडे फिरायचे, तोफा सुटायच्या, घरं कोसळायची. मला ते बघवेना. मी एकदा विचारलंच, “दाजी, हे स्फोट ऐकून काही होत नाही तुम्हाला?”

“काय व्हायचंय?” त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं. उलट विचारलं असंही नाही. नुसतं म्हणाले.

यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे दाजींना मुळात ऐकायला कमी. आवाज पूर्ण वाढवून ठेवायचे. खालच्या मजल्यावर झिनाइदा आजी राहायच्या. तोफा सुटल्या की आजी घरं तापवायला सगळ्या मजल्यांतून फिरवलेल्या गरम पाण्याच्या नळावर पळीने ठणाठणा वाजवायच्या. एकदा वरच आल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, “राइखान, मी एक युद्ध लहानपणी पाहिलंय. दुसरं बघायची ताकद नाही गं.”

त्याच दिवशी राइखान किराणा दुकानात गेली आणि मोजे, काड्यापेट्या टांगलेल्या असतात त्या रांगेतून हेडफोन घेऊन आली. स्वस्त, टणक, कानाच्या वर दाबून बसणारे. दाजींनी घातले. ठीक आहे म्हणाले. खाली शांतता झाली, झिनाइदा आजींनी आनंदाने कोबी भरलेली पोळी पाठवली.

पुढच्या महिन्यात दाजी केस कापायला आले. आता ते स्वतःहून येत नसत, राइखान टोपी घालून पाठवायची. मी टोपी काढली, कंगवा फिरवला आणि डाव्या बाजूला कंगवा अडला. केस चिकटले होते. बाजूला करून पाहिलं तर पट्टीच्या कडेवरची कातडी सोलून निघाली होती. जुनं रक्त सुकलेलं आणि त्याखाली ओलं.

“दाजी, हे काय?”

“काय?”

“इथे. जखम झालीये.”

“असेल.”

“दुखत नाही?”

“नाही. ठीक आहे.”

मी मागून एक आरसा धरला, पुढे मोठा आरसा होताच. दाजींनी जखम पाहिली. दुसऱ्याच्या डोक्याकडे बघावं तसं पाहिलं. “कशाने झालं असेल?” एवढंच म्हणाले. मी बोटाने माप घेतलं. हेडफोनची टणक कडा बरोबर तिथे बसत असणार. महिनाभर रोज त्याच जागी घासत होती आणि या माणसाला पत्ता नव्हता.

मी दुकान बंद केलं, जखम धुतली, त्यांना घेऊन घरी गेले. राइखानने केस बाजूला करून पाहिलं. “उशीवर डाग दिसायचे गं. मला वाटलं, ओठ फुटतोय थंडीने. मीच आणले ते मेले हेडफोन. मीच.” मग म्हणाली, “बंदच करते तो कॉम्प्युटर. विकून टाकते.”

“मग दिवसभर काय करतील?” मी विचारलं.

तिने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, “खेळतो तेव्हा बोटं तरी हलतात. दोन शब्द बोलतो कुणाशी. माझ्याशी नसेना का, वाल्देमारशी.”

जखम भरेपर्यंत हेडफोन बंद, आवाज बारीक. आणि नवे आणायचे ते नीट बघून. राइखान शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. सांजारला पैसे पाठवून जे उरायचं त्यातून पंधरा हजार तेंगे निघत होते. त्याच्या वर जायचं नाही असं तिने बजावलं. दाजींना विचारलं, “कसे पाहिजेत?” ते म्हणाले, “हे काय वाईट आहेत?”

रविवारी आम्ही दोघी करागांदाच्या बाजारात गेलो. तिथे वायरी, फोनची आवरणं, जुने कॉम्प्युटर असलं सगळं विकणाऱ्यांची एक ओळ आहे. त्यातल्या रोमान खेगायच्या गाळ्यात सगळ्यात जास्त हेडफोन टांगलेले होते. खेगाय कोरियन, पण बाप-आजोबा इथेच वाढलेले, तोंडाने तिखट.

“खेळासाठी पाहिजेत? मग हे घ्या, आपा. यात दिवे आहेत. लाल, निळे, हिरवे, आपोआप बदलतात.”

“दिवे कुठे लागतात?” राइखानने विचारलं.

“बाहेरच्या बाजूला. कानावर.”

“घालणाऱ्याला दिसतात?”

खेगायने हेडफोन उलटा करून पाहिला. “घालणाऱ्याला नाही. बघणाऱ्याला.”

“बघणारी मी. मला नकोत. दिव्यांचे पैसे वजा करून दाखव.”

“मुलाचं वय काय?”

“एकावन्न.”

खेगाय मोठ्याने हसला, मग आमच्या तोंडाकडे बघून हसू आवरलं. “अहो, मग त्यांनाच आणायचं ना. प्रत्येकाचं डोकं वेगळं. एकाला गादी वाटते ती दुसऱ्याला सांडशी वाटते.”

“त्याला आणून उपयोग नाही,” राइखान म्हणाली. “तो सगळ्याला ठीक आहे म्हणतो.”

“असं गिऱ्हाईक मला का मिळत नाही!” खेगाय म्हणाला.

मग मी त्याला कानाच्या वरची पट्टी, बधिर जागा, जखम, सगळं सांगितलं. त्याने दिवेवाले मागे सारले. म्हणाला, “मग दाबणारे नकोत. कानाला वेढून बसणारे पाहिजेत. आणि हलके.” त्याने तीन काढून ठेवले. मी एकेक चढवून बघितला. पाच मिनिटं तिन्ही छानच वाटले.

“पाच मिनिटांत बूटसुद्धा चावत नाही,” मी म्हणाले. “मला बसायला काहीतरी दे. मी हे घालून बसणार.”

“किती वेळ?”

“दुखेपर्यंत.”

खेगायने राइखानकडे पाहिलं. राइखान म्हणाली, “ती करणार. लहानपणापासून अशीच आहे.” त्याने एक स्टूल दिलं, वर चहाही मागवला. मी बाजाराच्या मधोमध हेडफोन घालून पुतळ्यासारखी बसले. येणारी-जाणारी माणसं मला काय वाजतंय म्हणून खुणेने विचारत होती. काहीच वाजत नव्हतं.

पहिला मोठा काळा, खोट्या चामड्याच्या गुबगुबीत गाद्यांचा. हात लावला की लोण्यासारखा. पण थोड्या वेळात आत घाम सुटला आणि टाळूवर कुणीतरी बादली ठेवल्यासारखं वाटायला लागलं. त्या काळ्याने तासाभरात माझी मान वाकवली. दुसरा हलका होता, पण त्याची गोलाई लहान. माझाच कान आत मुडपत होता, दाजींचे कान तर चांगले कानवल्याएवढे. मी इतकी वर्षं त्यांच्या कडेने कात्री चालवलीये. तिसऱ्याच्या गाद्या कापडाच्या होत्या. वर धातूची कमान आणि कमानीखाली एक सैल पट्टा, म्हणजे वजन एका जागी न पडता पट्टाभर पसरायचं. कान अख्खा आत जात होता. माइक पुढे आलेला, तो दुमडत नव्हता. दिवा नाही, काही नाही. खोकंही एका बाजूने फाटलेलं. फक्त पकड जरा घट्ट.

“तुझा चष्मा दे,” मी राइखानला म्हणाले. दाजी पडद्यासमोर चष्मा लावतात. तिचा चष्मा चढवून त्यावर हेडफोन घातला. मला दोन खेगाय दिसायला लागले, पण काडी टोचत नव्हती. कापड मऊ होतं, काडीला जागा देत होतं.

खेगायने अठरा सांगितले. राइखानने फाटक्या खोक्यावर बोट ठेवलं. सोळा. बोट तिथेच. “घ्या पंधराला,” खेगाय म्हणाला, “आणि पकड सैल करायची तर दोन-तीन दिवस कशावर तरी ताणून ठेवा. एकदम वाकवू नका, मोडेल. मोडला तर माझ्याकडे येऊ नका.”

घरी आल्यावर राइखानने तो पिठाच्या डब्यावर ताणून ठेवला. स्वयंपाकघरात शिरलं की एक बुटका पांढरा माणूस गाणी ऐकत बसलाय असं वाटायचं. झिनाइदा आजी मीठ मागायला आल्या आणि म्हणाल्या, “हा पाहुणा कमी बोलणारा दिसतोय. राहू दे याला.”

जखम भरली तसं मी दुकानातून पावडर आणि ब्रश घेऊन गेले. कापडी गाद्यांच्या कडेला पावडर लावली आणि दाजींना म्हटलं, आता खेळा. ते एक डाव खेळले. हेडफोन काढल्यावर दोन्ही कानांभोवती पांढरी वर्तुळं उमटली होती. उजवीकडे ठीक. डावीकडे वर्तुळाची वरची कड पट्टीच्या उंचवट्यावरून गेली होती, जिथे जखम झाली होती तिथूनच.

राइखानने गादीची शिवण उसवली. त्या जागचा स्पंज नखाएवढा नखाएवढा काढत गेली. मग आमच्या आईची जुनी बंडी आणली, तिच्या अस्तरातून उंटाची लोकर ओढली आणि रिकाम्या जागेत सैलसर भरली. पुन्हा शिवली. पुन्हा पावडर, पुन्हा डाव. अजून थोडं लागत होतं. परत उसवलं. दाजी आमच्यामध्ये स्टुलावर बसले होते, बसची वाट बघत बसावं तसे. आम्ही डोकं इकडे करा म्हटलं की इकडे, तिकडे करा म्हटलं की तिकडे.

शेवटी वर्तुळात त्या जागी पांढरं उमटलं नाही.

“दाजी, कसं वाटतंय?”

“ठीक आहे.”

राइखान आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. इतकं हसलो की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजींनी आम्हाला का हसताय असं विचारलं नाही. त्यांनी हेडफोन सरळ केला आणि वाल्देमारला हाक मारली.

त्यानंतर दर आठवड्याला मी ती जागा तपासायचे. कातडी कोरडी, साधी. मला तेवढ्यावर समाधान होतं.

जानेवारीत इमारतीतले ते घरं तापवणारे नळ इतके तापतात की बाहेर बर्फ आणि आत माणसं बनियनवर. एका दुपारी मी एका बाईच्या केसांना रंग लावत होते आणि फोन वाजला. राइखान.

“अगं, तो कुरकुरला!”

“कोण?”

“कोण काय! म्हणाला, उजवा कान तापतो. हे काय कापड आहे की ब्लँकेट, म्हणाला. शोल्पान, तो ब्लँकेट म्हणाला!”

मी गिऱ्हाइकाला तसंच सोडून बाहेर बर्फात जाऊन उभी राहिले. तिच्या केसांचा रंग त्या दिवशी ठरल्यापेक्षा गडद झाला आणि मला ऐकून घ्यावं लागलं. संध्याकाळी मी पातळ सुती कापडाची दोन वेष्टणं शिवून नेली. दाजींनी चढवली. “आता?” आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या.

“ठीक आहे,” ते म्हणाले. पुढे कित्येक आठवडे तेच.

फेब्रुवारीत एकदा राइखान दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. ती खुर्चीत बसली, कोट न काढता, आरशाकडे बघत. मला वाटलं, केस कापायला आलीये.

“आज तो वाल्देमारला सांगत होता,” ती म्हणाली. “त्या दिवशीचं.”

मी कात्री खाली ठेवली.

रोज दुपारी दाजी खेळायचे तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची आणि भिंतीतून त्यांची एकट्याची बाजू ऐकू यायची. डावीकडे. थांब. मागे ये. छत बघ. खाणीतलेच शब्द, ते खेळात बोलायचे. वाल्देमारचं बोलणं हेडफोनच्या आत, ते हिला ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी मध्येच वाल्देमारने काहीतरी विचारलं असावं. हवामान सांगावं तशा आवाजात दाजींनी सांगायला सुरुवात केली.

छत कोसळलं तेव्हा ओराल, टोळीतल्या गेलेल्या दोघांपैकी एक, त्यांच्या जवळच अडकला होता. दगडाच्या पलीकडे. दिसत नव्हता, आवाज येत होता. बराच वेळ बोलत होता. म्हणत होता, माझ्या बुटात पाणी शिरलंय, मोजे ओले झालेत, कुठून येतंय बघ ना. पुन्हा पुन्हा तेच. दाजी म्हणाले, “मी म्हटलं, गप्प बस, हवा वाचव. मग तो गप्प बसला. मग बोललाच नाही. मला वाटत होतं, माझं ऐकून गप्प बसलाय.”

मग म्हणाले, “उजवीकडून येतोय एक. मी बघतो त्याला.” आणि खेळ पुढे चालू झाला.

“रडत होते का?” मी विचारलं.

“नाही.”

“तू काय केलंस?”

“पीठ मळत होते. मळत राहिले.” तिने स्वतःचे हात पाहिले. “मला वाटलं होतं, हे कधी ऐकलं तर मी कोसळेन. काहीच झालं नाही, शोल्पान. मी पीठ मळलं, बाउर्साक तळले, त्याला नेऊन दिले. त्याने खाल्ले. मला काय झालंय?”

मी तिचा कोट काढला, केस धुतले, थोडे कापले. गरम पाण्याखाली तिने डोळे मिटले होते. ती तशीच झोपून गेली. मी तिला उठवलं नाही.

मार्चमध्ये ओरालच्या वर्षाचं जेवण होतं. त्याच्या बायकोचं, मारलचं, निमंत्रण आलं. आम्हाला वाटलं, दाजी येणार नाहीत. राइखानने शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवला. दाजींनी तो घातला.

मंडपात गर्दी होती. खाणीतली माणसं, त्यांच्या बायका, मोठ्या परातींत मांस आणि लाटलेल्या पिठाचे चौकोन. मौलवींनी पठण केलं, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. दाजी जेवत होते, आजूबाजूची माणसं त्यांच्याशी बोलायची आणि एखाद्या शब्दाचं उत्तर घेऊन पुढे सरकायची. आम्ही निघायच्या बेतात असताना मारल आली. तिशी ओलांडलेली, किडकिडीत बाई, डोक्यावर पांढरा रुमाल. सरळ दाजींसमोर बसली.

“अगाय,” आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं ती म्हणाली, “तुम्ही त्याच्या जवळ होतात म्हणतात. मी वर्षभर विचारणार होते. लोक म्हणाले, राहू दे, त्यांना त्रास होतो. आज विचारते. तो काही बोलला का?”

राइखानने माझा हात घट्ट धरला. दाजींनी ताटाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ठीक आहे म्हणतील.

“बुटात पाणी शिरलं म्हणाला,” ते म्हणाले. “मोजे ओले झाले म्हणाला. सारखं तेच म्हणत होता. मी त्याला गप्प बस म्हटलं.”

मारल त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर काहीतरी हललं. मला आधी वाटलं, ती किंचाळणार.

“ओले मोजे,” ती म्हणाली. “त्याला ओल्या मोज्यांचा इतका राग होता, अगाय. घरात लादी पुसली की माझ्याशी भांडायचा. लादी ओली आहे, सांगितलं का नाहीस म्हणून.” ती हसत होती आणि डोळे वाहत होते. “मी पण त्याला रोज तेच म्हणायचे. गप्प बस म्हणायचे. रोज.”

“बोलायला पाहिजे होतं मी त्याच्याशी,” दाजी म्हणाले.

“काय बोलला असतात?”

दाजींनी बराच विचार केला. “माहीत नाही.”

तिने परातीतून मांसाचा एक चांगला तुकडा उचलला आणि त्यांच्या हातात दिला, आपण मोठ्या माणसाला देतो तसा. दाजींनी तो खाल्ला. ती उठून दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली.

घरी जाताना रस्त्यावरचा बर्फ वितळून चिखल झाला होता. दाजी पुढे चालत होते, आम्ही दोघी मागे. राइखान त्यांच्या पाठीकडे बघत होती. मला वाटलं होतं, ते थांबतील, वळतील, काहीतरी बोलतील. ते चालत राहिले. घरी पोचल्यावर त्यांनी शर्ट काढून घडी घातला आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. राइखान मधूनमधून जाऊन श्वास बघून येत होती.

त्याला आता दोन वर्षं झाली. दाजी पूर्वीचे झाले का असं लोक विचारतात. नाही झाले. काही दिवस भिंतीसमोर बसतात, हाक मारली तर उत्तर देत नाहीत. राइखान आता अशा दिवशी काही विचारत नाही, शेजारी खुर्ची ओढून भाजी चिरत बसते. तीही पूर्वीची राहिलेली नाही. कधी तिला दोनदा विचारावं लागतं.

खेळ कमी झालाय. वाल्देमारची कामाची पाळी बदलली, त्याला फक्त रविवारी जमतं. मारलच्या घरी दाजी कधीकधी जातात, नळ गळत असेल, दाराची कडी निखळली असेल तर दुरुस्त करून येतात. तिथे काय बोलतात ते मला माहीत नाही. गेल्या वर्षीपासून ते बस आगाराच्या फाटकावर कामाला आहेत. छोटीशी खोली, एक खिडकी, बस आली की आडवा दांडा उचलायचा, गेली की खाली करायचा.

परवा मी करागांदाला जाताना बसच्या खिडकीतून त्यांना हात केला. त्यांनी पाहिलं की नाही कळलं नाही. दांडा वर गेला आणि आमची बस बाहेर पडली.